तुमचं उत्तर बरोबर असेल हो, पण प्रश्न चुकलाय

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन निवांत वाचा.

पुण्यात आमच्या भागातल्या एका पबमध्ये दर गुरुवारी रात्री क्विझ असते. गेली काही वर्षं तिचे प्रश्न मी काढतो. पब म्हटल्यावर काही जणांच्या भुवया वर जातील, पण तिथे येणारी मंडळी आपल्यासारखीच असतात. आयटीतली पोरं, बँकेतले, दोन प्राध्यापक, आणि लेकी-जावयांबरोबर येऊन लिंबूसोडा पिणारे निवृत्त काका. बारा-तेरा टेबलं, चाळीस प्रश्न. शेवटी कागद शेजारच्या टेबलाला द्यायचा, त्यांनी तपासायचा. जिंकणाऱ्या टेबलाला बिलात सूट, मला फुकट जेवण. एवढाच कारभार.

तर झालं असं. एका गुरुवारी मी प्रश्न विचारला, ‘भारतातली पहिली रेल्वे कधी आणि कुठे धावली?’ शाळेतल्या पोरालाही येईल असा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. सगळ्यांनी धडाधड लिहिलं. एका टेबलाच्या कागदावर मात्र होतं, ‘१८३७, मद्रास’. शेजारच्यांनी हसत हसत फुली मारली. ते टेबल एका गुणाने दुसरं आलं.

त्या टेबलावरचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. शांतपणे माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ‘तुमचं उत्तर बरोबर असेल हो, पण प्रश्न चुकलाय.’

मी काय करावं? कागदाच्या तळाशी छापलेली ओळ दाखवली, ‘प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम राहील.’ काका हसले, ‘बरं’ म्हणाले आणि गेले. पुढचे दोन गुरुवार ते आलेच नाहीत.

घरी येऊन मी शोधायला बसलो. काकांचं बरोबर होतं. मद्रासजवळ रेड हिल्स इथे १८३७ मध्ये रेल्वे सुरू झाली होती, रस्त्यांसाठी लागणारा दगड वाहून आणायला. पुढे १८५१ च्या डिसेंबरमध्ये रूडकीजवळ वाफेचं इंजिन धावलं, गंगेच्या कालव्यावरचा सोलानी जलसेतू बांधताना माती वाहायला. त्यानंतर आपली बोरीबंदरची गाडी. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. ती पहिली ‘प्रवासी’ रेल्वे. माझ्या प्रश्नातून हा एकच शब्द गळाला होता. त्या एका शब्दापायी जास्त माहिती असलेला माणूस हरला आणि कमी माहिती असलेली आम्ही मंडळी जिंकलो.

त्या रात्रीपासून मी या प्रश्न काढण्याच्या धंद्याचाच इतिहास वाचायला लागलो. त्यातलं थोडं तुमच्यासमोर मांडतो, कारण हा विषय पबपुरता नाही. पुढे कळेल.

सुरुवात ‘क्विझ’ या शब्दापासूनच करू. क्विझवाल्यांचा एक लाडका किस्सा आहे. १७९१ साली डब्लिनमधल्या रिचर्ड डेली नावाच्या नाटकवाल्याने पैज लावली की एका रात्रीत मी नवा, निरर्थक शब्द लोकांच्या तोंडी बसवून दाखवतो. माणसं पाठवून त्याने गावभर भिंतींवर ‘क्विझ’ असं लिहून घेतलं आणि पैज जिंकला. किस्सा झकास आहे. पण हा शब्द १७९१ च्या आधीच इंग्रजी लिखाणात सापडतो, विक्षिप्त माणूस या अर्थाने. म्हणजे तारखेतच गोष्ट फसते. खुद्द क्विझच्या जन्माची गोष्टच अशी, आणि ती मी दोन वेळा प्रश्न म्हणून विचारून गुणही वाटलेत!

पबमधली क्विझ ही इंग्लंडची देणगी. तिथे काही भागांत क्विझच्या लीग आधीपासून होत्या. पण ती गल्लोगल्ली पोहोचली १९७० च्या दशकात. १९७६ च्या सुमारास शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी दक्षिण इंग्लंडमध्ये बत्तीस संघ जमवून सामने सुरू केले. कारण अगदी व्यवहारी होतं. आठवड्यातल्या काही रात्री पब ओस पडायचे, गिऱ्हाईक यावं म्हणून काहीतरी निमित्त हवं होतं. हे दोघं प्रश्नांचे तयार संच पुरवायचे. पाहता पाहता संघांची संख्या हजारोंत गेली. आमच्या पबमध्ये क्विझ गुरुवारी का, याचंही उत्तर तेच. शुक्रवारी-शनिवारी गर्दी असतेच, क्विझची गरज काय!

या खेळात एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे त्यातला विश्वास. पंच नसतो. शेजारचं टेबल तुमचा कागद तपासतं, तुम्ही त्यांचा. बक्षीस किरकोळ, त्यामुळे कुणी फारशी लबाडी करत नाही. पण सगळे जण एका माणसावर डोळे झाकून विश्वास टाकतात. ज्याच्या हातात उत्तरांचा कागद आहे, त्याच्यावर.

हा विश्वास मोडला की काय होतं, ते अमेरिकेने पाहिलंय. १९५० च्या दशकात तिथे टीव्हीवर ‘ट्वेंटी वन’ नावाचा क्विझचा कार्यक्रम होता. हर्बर्ट स्टेम्पल हा स्पर्धक आठवड्यामागून आठवडा जिंकत होता. पण निर्मात्यांना देखणा, घरंदाज चेहरा हवा होता आणि तो मिळाला चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुण प्राध्यापकाच्या रूपात. स्टेम्पलला सांगण्यात आलं, आता तू हरायचंस. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कुणाला, या प्रश्नावर. उत्तर होतं ‘मार्टी’. हा स्टेम्पलचा आवडता सिनेमा. तरी त्याने ठरल्याप्रमाणे ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असं चुकीचं उत्तर दिलं. व्हॅन डोरेन देशाचा लाडका झाला, ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकला. शेवटी १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्याने कबुली दिली की प्रश्न आणि उत्तरं आपल्याला आधीच मिळत होती. १९६० मध्ये कायदा करून असा बनाव हा गुन्हा ठरवण्यात आला.

ती ठरवून केलेली लबाडी होती. आमच्यासारख्यांचा रोग वेगळा. आम्ही लबाडी करत नाही, आम्ही उतरवून काढतो. त्याचीही एक मजेदार गोष्ट आहे. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकी लेखकाने १९७४ मध्ये किरकोळ माहितीचा एक कोश काढला. कोणी चोरी केली तर पकडता यावी म्हणून त्यात त्याने मुद्दाम एक खोटी माहिती पेरली. टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव ‘फिलिप’ आहे, अशी. हे त्याने स्वतः रचलेलं. पुढे ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा खेळ जगभर तुफान खपला आणि त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर होतं, ‘फिलिप’! वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळ बनवणारे म्हणाले, हो, त्याचं पुस्तक वापरलं, पण इतरही वापरली. न्यायालयाने दावा फेटाळला, कारण माहिती ही कुणाच्या मालकीची नसते. अपिलातही १९८७ मध्ये तेच झालं.

कायद्याने ते योग्यच. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. एका माणसाने घरी बसून एक थाप मारली आणि ती लाखो घरांत ‘बरोबर उत्तर’ म्हणून पोहोचली. कुणीही मूळ मालिका उघडून पाहिली नाही. मालिकेतल्या एका दृश्यात कोलंबोचं ओळखपत्र दिसतं, त्यावर चक्क ‘फ्रँक’ असं लिहिलंय.

आता आपल्याकडे येऊ.

भारतात खुली क्विझ सुरू केली ती कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी, १९६७ साली, एका चर्चच्या सभागृहात. मग १९७२ पासून रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ आली. आधी हमीद सायानी आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे बंधू अमीन सायानी. रविवारची ती वेळ ज्यांच्या लहानपणात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’. आणि ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’. तेव्हा पहिला करोडपती झाला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे. हा मुलगा त्या वेळी यूपीएससीची तयारी करत होता. २०१९ मध्ये अमरावतीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. अशा वेळी सामान्यज्ञान ही किती मोठी गोष्ट वाटते. ना वशिला, ना इंग्रजी फाडफाड यायला हवं. माहीत असेल तो पुढे.

म्हणूनच त्यातली चूक जास्त लागते.

आपल्या मराठी सामान्यज्ञानाला एका शब्दाचं व्यसन आहे. ‘पहिला’. पहिली रेल्वे, पहिला सिनेमा, पहिली शाळा, पहिली डॉक्टर. माझे जुने कागद काढून पाहिले, तर दर चाळीस प्रश्नांत सहा-सात ‘पहिले’ निघाले. एकेक तपासायला घेतला आणि घाम फुटला.

पहिला भारतीय चित्रपट कोणता? दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ ला लागला. पण त्याच कोरोनेशनमध्ये जवळपास वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. मग तो पहिला का नाही? तर म्हणे, ते मुळात नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता, फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती. मुद्दे रास्त आहेत. पण तोरण्यांच्या बाजूनेही लोक बोलतात आणि वाद कोर्टापर्यंत गेलाय. म्हणजे उत्तर ‘चित्रपट’ कशाला म्हणायचं यावर आहे. आणि आपण पोरांना एका ओळीत पाठ करायला लावतो.

पहिली भारतीय महिला डॉक्टर? आनंदीबाई जोशी, असं आपण छाती फुगवून सांगतो. ११ मार्च १८८६, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया. बंगालमध्ये जाऊन विचारा, ते कादंबिनी गांगुलींचं नाव घेतील. त्यांनाही त्याच १८८६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून पदवी मिळाली आणि त्यांनी पुढे बरीच वर्षं प्रॅक्टिस केली. आनंदीबाईंना ते नशिबात नव्हतं. परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. ‘पहिली’ कोण हे भांडत बसलो की दोघींच्याही आयुष्यातलं खरं ते राहूनच जातं.

आणि आता नाजूक विषय. ‘भारतातली मुलींची पहिली शाळा कुणी काढली?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास असतो आणि उत्तर असतं, जोतिबा आणि सावित्रीबाई फुले, पुणे, १८४८. पण अमेरिकी मिशनऱ्यांनी मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. १८४७ मध्ये बंगालात बारासातला भारतीयांनीच काढलेली शाळाही आहे. हे लिहिलं की लगेच कुणीतरी येणार आणि म्हणणार, फुल्यांना कमी लेखताय का? अजिबात नाही. उलट विचारतो, सावित्रीबाईंचं मोठेपण ‘पहिली’ या एका शब्दावर टांगून ठेवण्याइतकं तकलादू आहे का? भिडेवाड्यात शिकवायला जाताना अंगावर शेणमाती झेलली. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८६३ मध्ये घरात बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलं. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगनेच गेल्या. यातलं काहीही दुसऱ्या कुणाच्या आधी-नंतरवर अवलंबून नाही. ‘पहिली’ म्हणून पाठ केलेलं उद्या कुणीतरी तारीख दाखवून खोडतो आणि मग पाठ करणाऱ्याला वाटतं, सगळंच खोटं होतं की काय. तेवढ्या फटीतून बदनामी करणारे आत शिरतात. आपल्या माणसांवर ही वेळ आपणच आणतो, आळशी प्रश्न विचारून.

‘पहिला’ सोडून दुसराही रोग आहे, शिळं उत्तर. महाराष्ट्रात जिल्हे किती? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३६ झाले, पण ३५ लिहिलेली पुस्तकं त्यानंतरही विकली गेली. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? सगळे हॉकी म्हणतात. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्याला गुण दिले, ते कागदावर कधी नव्हतंच. आणि विचारायचं सुचलं कुणाला? शाळेतल्या पोरीला.

आता सांगतो हा विषय पबपुरता का नाही.

आमच्या क्विझमध्ये चूक झाली तर काय होतं? बिलातली सूट जाते, काका दोन आठवडे रुसतात. पण याच शहरात पेठांमधल्या अभ्यासिकांत हजारो पोरं-पोरी बसलेत. हेच प्रश्न, हेच ‘पहिले’, हेच जिल्हे. त्यांचं बिल वेगळं. गावाकडून येणारे पैसे, मेसचा डबा, वाढत चाललेलं वय. तिथे एका गुणावर यादीत नाव येतं किंवा वर्ष जातं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणजे ज्याला जास्त माहिती आहे आणि म्हणून ज्याने ‘चुकीचं’ उत्तर लिहिलं, त्याला दुहेरी फटका.

लोकसेवा आयोग यासाठी एक गोष्ट करतो आणि ती मला महत्त्वाची वाटते. परीक्षेनंतर आधी पहिली उत्तरतालिका जाहीर होते. उमेदवारांनी पुराव्यासह हरकती घ्यायच्या, तज्ज्ञांनी त्या तपासायच्या, मग अंतिम उत्तरतालिका. कित्येकदा उत्तर बदलतं, प्रश्न रद्दही होतात. त्यावर आपण चिडतो, ‘एवढ्या मोठ्या परीक्षेत प्रश्न चुकतातच कसे?’ चिडायलाच हवं. पण निदान तिथे हरकत घ्यायला खिडकी आहे, हेही लक्षात ठेवायला हवं. माझ्या कागदावर काय होतं? ‘निर्णय अंतिम राहील.’ आणि आपल्या शाळांच्या, मंडळांच्या, सोसायट्यांच्या स्पर्धांत काय असतं? तेच. मुलाने वेगळं उत्तर दिलं तर ‘पुस्तकात असंच आहे’ म्हणून गप्प बसवायचं. त्या मुलाने त्या दिवशी काय शिकावं? की माहीत असून उपयोग नाही, समोरच्या कागदावर काय आहे ते ओळखता आलं पाहिजे.

मी माझ्यापुरते काही बदल केले. ‘पहिला’ शब्द आला की प्रश्न बाजूला ठेवतो. प्रत्येक उत्तर दोन वेगळ्या ठिकाणी सापडल्याशिवाय घेत नाही. दोन्ही ठिकाणं एकमेकांवरून उतरवलेली नाहीत ना, हेही बघतो. कोलंबोची आठवण ठेवून. बदलू शकणाऱ्या उत्तराच्या प्रश्नात तारीख घालतो. आणि प्रश्न असा काढायचा प्रयत्न करतो की उत्तर चुकलं तरी टेबलावर ‘अरे वा, असं होय!’ निघावं.

गंमत म्हणजे ‘पहिला’ काढून टाकल्यावर प्रश्न जास्त चांगले झाले. ‘पहिली महिला डॉक्टर कोण’ऐवजी विचारलं, ‘अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत कोणत्या मराठी डॉक्टरच्या अस्थी आहेत?’ आनंदीबाईंच्या अस्थी त्यांना लेकीसारखं मानणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या होत्या, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या आहेत. उत्तर सांगितल्यावर पबमध्ये क्षणभर शांतता झाली. ‘पहिला चित्रपट’ऐवजी विचारलं, ‘फाळक्यांच्या १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका कोणत्या एकाच नटाने केल्या?’ अण्णा साळुंके. त्यावर दहा मिनिटं हास्यकल्लोळ.

आणि कागदावरची शेवटची ओळ बदलली. आता तिथे छापलंय, ‘हरकत असल्यास कागद तपासण्याआधी सांगा. पुरावा दाखवलात तर गुण मिळतील.’ पबवाल्याला भीती होती, रोज भांडणं होतील. तसं काही झालं नाही. महिन्यातून एखादी हरकत येते, त्यातली निम्मी बरोबर असते आणि सगळेच काहीतरी नवीन घेऊन घरी जातात.

काकांना मी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, ‘अहो, माफी कसली, मला तो एक गुण द्या म्हणजे झालं.’ पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर जुना निकाल दुरुस्त केला. दोन टेबलं संयुक्त विजेती. बिलातली सूट पबवाल्याने नव्याने दिली, कुरकुरत का होईना.

आता तुमच्याकडून एक मदत हवी. तुम्ही शाळेत पाठ केलेलं आणि नंतर चूक निघालेलं एखादं ‘बरोबर उत्तर’ आठवतंय का? खाली लिहा. पण पुरावा जोडून लिहा हं, मी तपासणार आहे.